शेवटच्या मागापर्यंत

मल्लूचं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयात नव्या कादंबऱ्यांना खाकी कव्हरं घालत होतो. निळं आंतरदेशीय, त्याच्या गावचा, गोकाकचा शिक्का, आणि आत मोजक्या ओळी.

"भूप्या, डॉक्टरनं महिनाभर तोंड उघडायचं न्हाई म्हणून सांगितलंय. फोनवर नुसता श्वास ऐकवून काय करू, म्हणून लिहितोय. पुण्यात माझ्याशिवाय कसं वाजलं? सुभ्या गोड बोलंल. सिकंदर विषय बदलंल. तू खरं लिही. मल्लू."

उत्तर लिहायला मी बसलो होतो, कागदामागून कागद फाडले. पण 'चांगलं वाजलं' असं लिहिलं की वाटायचं, म्हणजे तुझी गरज नव्हती असंच मी म्हणतोय. 'तू नव्हतास, पोकळी होती' असं लिहिलं की ते पुस्तकातून उचलल्यासारखं वाटायचं. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाला चार खऱ्या ओळी लिहिता येऊ नयेत, याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं नाही. पुढं मल्लूचा बोलण्यापुरता आवाज परत आला, आम्ही भेटलो, एकमेकांच्या घरच्या लग्नांत जेवलो. उत्तर मी पाठवलंच नाही, आणि त्यानंही परत कधी विचारलं नाही.

आमच्या बँडचं नाव 'धोटा'. मागावर बाण्याचा, म्हणजे आडवा धागा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडं पळणारा जो लाकडी तुकडा, तो धोटा. इचलकरंजीत हे कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही वाजवायचो ते मेटल, ओरडून गायचं रॉक संगीत, म्हणजे काय, हे मात्र आम्हाला तिथं वर्षानुवर्षं सांगावं लागलं.

गिटारवर सुभाष ढवळे, त्याचं मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान. ड्रमवर सिकंदर मोमीन, त्याचा चोवीस यंत्रमागांचा कारखाना, आणि आमची तालीमही त्याच शेडमध्ये. गायला मल्लाप्पा तेली. तो सिकंदरकडंच जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचा. आणि मी, भूपाल मगदूम, बेस गिटार वाजवायचो आणि गाणी लिहायचो. माझ्या गळ्यात बेस सुभाषनं अडकवला. "बेस वाजवणाऱ्याकडं कोण बघत न्हाई. तुझ्यासाठीच केलंय ते," असं तो म्हणाला होता, आणि ते अगदी खरं निघालं.

सुरुवातीच्या एका कार्यक्रमानंतर कुणीतरी म्हणालं, "तुमचं ते वरडणं भारी हाय, पण शब्द एक कळंल तर शपथ." मी कधीच काही बोलत नसे. पण मल्लूनं माझा चेहरा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं नियम काढला. नवं गाणं आधी चालू मागांपुढं गायचं. आम्ही शेडच्या दाराजवळ वाजवायचो, आणि पार पलीकडच्या टोकाला गुरप्पा नावाच्या कामगाराचे माग होते. गाणं संपलं की गुरप्पानं बाहेर माठापाशी यायचं आणि कळलेले शब्द म्हणून दाखवायचे. कळले तर गाणं पास. नाहीतर मी शब्द बदलायचे.

गुरप्पानं मल्लूचं एकही गाणं नापास केलं नाही. मल्लूचा आवाज चोवीस मागांच्या पलीकडं जातो, ही गोष्ट आधी गावात पसरली, मग कोल्हापूर-सांगलीत, मग पुण्यात. आमच्या तिसऱ्या कॅसेटच्या पाठीवर ती छापलीही होती. परगावची पोरं येऊन मल्लूला विचारायची, "खरंच जातो का हो?" मल्लू नुसती मान हलवायचा. त्या मान हलवण्यात एक रुबाब होता, आणि त्या रुबाबात माझाही थोडा वाटा आहे असं मला वाटायचं. माझे शब्द शेवटच्या मागापर्यंत पोचत होते. मला आयुष्यात एवढं पुरेसं होतं.

मग बँडच्या एकविसाव्या वर्षी मल्लूचा घसा बसला तो उठेना. मिरजेच्या डॉक्टरकडून तो परत आला त्या दुपारी आम्ही कारखान्यासमोरच्या टपरीवर बसलो होतो.

"काय म्हणाला?" सिकंदरनं विचारलं.

मल्लूनं घशावर दोन बोटं ठेवली. "गाठी हायत. कापायच्या." आवाज नव्हताच, वाळूवरून पाय ओढल्यासारखं काहीतरी होतं.

"मग नीट हुईल?"

"बोलायला येईल. वरडायचं मात्र कवाच न्हाई."

मग सुभाषनं चहाचा ग्लास बाकावर आपटला. "मग बंद करूया. धोटा म्हंजे मल्लू. विषय संपला."

"पुण्याचा कार्यक्रम घेतलाय न्हवं?" मल्लू म्हणाला. "बघा की कोणतरी."

"कोणतरी? कोथमिरीची जुडी हाय व्हय, कोणतरी आणायला?"

"सुभ्या, मी मेलो न्हाई. गाठ झालीया." मल्लू हसला. "तुमी तिघंबी मेला न्हाई. का उगाच मयताला आल्यासारखं बसलाय?"

सुभाषला राग आला की तो नियमाचं बोलायचा. "ठीक हाय. पण जो कोण येईल त्यानं शेवटच्या मागाची परीक्षा द्यायची. मल्लूच्या जागी उभारायचं तर मल्लूएवढं पोचलं पाहिजे. न्हाईतर पुण्याला फोन करून सांगायचं, धोटा संपला."

मल्लूनं मान हलवली. त्या क्षणी त्याला ती अट आवडली होती, हे मला दिसलं. कुणाला आवडणार नाही?

एक मुलगा जयसिंगपूरहून आला. मागांच्या खडखडाटात दुसऱ्या कडव्यालाच त्याचं डोकं उठलं आणि त्यानं पाणी मागितलं. दुसरा सांगलीचा. त्यानं गाणं पुरं केलं, पण गुरप्पानं माठापाशी येऊन हात झटकले. पुणं दोन आठवड्यांवर आलं होतं आणि पोस्टरं लागली होती.

तेव्हा महानंदा कुंभोजे आली. एका मुलींच्या शाळेत ती पी.टी. शिकवायची. स्कूटरवरून उतरली तेव्हा गळ्यात शिट्टी तशीच होती.

सुभाषनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मेटल गाणार तुमी?"

"गातो की," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'गातो', 'येतो' असंच बोलतात. पण ती ते दरवाजा ढकलावा तसं बोलायची.

"घरात म्हाईत हाय?"

"आईला वाटतंय मी भजनी मंडळात जातो."

"आणि भजनी मंडळाला?"

"त्यांनीच हाकललं. म्हणाले, देव बहिरा न्हाई."

मल्लू पोट धरून हसला. त्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. महानंदाचं त्याच्याकडं लक्ष गेलं आणि तिचा सगळा धीटपणा उतरला. ती पुढं होऊन त्याच्या पाया पडली. "मल्लूदा, तुमची तिसरी कॅसेट मी सातवीत आसताना झिजवली. चोवीस माग म्हणून पाठीवर लिवलंय ते वाचून मी आमच्या गल्लीतल्या, सूत कांडीवर भरायच्या मशीनपुढं उभारून गायचो. कांडीवाल्या मावश्या शिव्या द्यायच्या."

"आता गुरप्पाच्या शिव्या खा," मल्लू कुजबुजला.

मग आम्ही आत गेलो. जे आत कधी गेले नाहीत त्यांना त्या शेडचं काय सांगू? तिथला आवाज कानांनी ऐकायचा नसतो, तो दातांत येतो. शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला कळत नाही. आमचे स्पीकर मोठे होते म्हणून आम्हाला आमचं थोडंफार कळायचं, एवढंच.

एरवी मल्लू आमच्या पुढं, दारापाशी उभा असायचा. त्या दिवशी त्याला काही काम नव्हतं. तो मागांच्या मधल्या वाटेनं चालत पलीकडं गेला आणि गुरप्पाच्या शेजारी हाताची घडी घालून उभा राहिला.

गाणं आमचं सगळ्यांत जुनं होतं.

लोखंड झोपत नाही, लोखंडाला स्वप्न नाही,
ज्यानं त्याला जागं केलं, त्याला निजायला घर नाही.

महानंदानं केस मोकळे सोडले, माइक दोन्ही मुठींत पकडून ओठांना चिकटवला आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीला सिकंदरनं ड्रमवरून मान वर करून माझ्याकडं बघितलं. सिकंदर कधी मान वर करत नाही. मी नेहमीप्रमाणे खाली जमिनीकडं बघत वाजवत होतो, तरी ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मल्लूचा आवाज दगड घासल्यासारखा होता. हिचा पत्रा फाटल्यासारखा होता, आणि फाटताना त्याला धार येत होती.

गाणं संपलं. आम्ही बाहेर माठापाशी आलो. गुरप्पा भुवयांवरचा कापूस पुसत आला, त्याच्या मागं मल्लू.

"काय गुरप्पा?" सुभाषनं विचारलं.

गुरप्पानं आमच्याकडं बघितलं, महानंदाकडं बघितलं आणि नजर खाली घातली. "काय बी कळलं न्हाई बघा. खोटं कसं बोलू?"

"एक तरी शब्द?"

"न्हाई."

महानंदाचा चेहरा उतरला. "परत एकदा म्हणू?"

"त्यानं काय हुणार?" सुभाष म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, त्यालाही वाईट वाटलं होतं. "मॅडम, आवाज चांगला हाय तुमचा. पण नियम म्हंजे नियम."

"मल्लूदांचं पोचायचं?"

"दर टायमाला."

"एकूण एक शब्द," गुरप्पा म्हणाला.

तिनं थोडा वेळ शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "मग बरोबर हाय तुमचं," ती म्हणाली. "त्यांच्या जागी अर्धवट माणूस नको उभारायला." आणि ती स्कूटरकडं निघाली.

मला तिला थांबवायचं होतं. तिनं माझी ओळ गायली तेव्हा ती मी लिहिली आहे हे मी विसरलो होतो, एवढं तरी सांगायचं होतं. पण असं काही मोठ्यानं बोलणं मला जमत नाही. माझ्या घशात शब्द जुळत होते तोवर मल्लू तिच्या आडवा जाऊन उभा राहिला. त्यानं हाताचा पंजा दाखवला. थांब.

मग तो काही न बोलता शेडमध्ये गेला, दारापाशी आपल्या जागेवर उभा राहिला, माइक हातात घेतला आणि आम्हाला खूण केली. वाजवा.

"आरं, येडा का खुळा?" सिकंदर त्याच्या कानापाशी ओरडला. ते मला ऐकू आलं नाही, पण कळलं. "डॉक्टरनं काय सांगितलंय?"

मल्लूनं पाठ फिरवली होती. त्याचं तोंड गुरप्पाच्या बाजूला, पाठ आमच्याकडं. एकवीस वर्षं आम्ही त्याला असाच बघत आलो होतो.

सुभाषनं पहिली तार ओढली. मग थांबणं शक्यच नव्हतं. मी खाली बघत वाजवत होतो आणि मला मल्लूच्या उजव्या टाचेशिवाय काही दिसत नव्हतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती उचलून आपटायची त्याची सवय होती. ती आपटत होती. स्पीकरमधून त्याचं काही ऐकू येत नव्हतं, पण तो बसका घसा गिटारखाली बुडणारच, असं मी धरून चाललो. हा माणूस उरलासुरला गळा आज इथंच संपवतोय, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

गाणं संपलं. मल्लू माइक हातात घेऊनच बाहेर आला. गुरप्पा माठापर्यंत अक्षरशः पळत आला.

"मल्लूदा! आला की वो आवाज! लोखंड झोपत न्हाई, लोखंडाला सपान न्हाई..." त्यानं पहिलं कडवं म्हणून दाखवलं, दुसरं म्हणून दाखवलं. "एकूण एक शब्द! डॉक्टरला जोड्यानं हाणा!"

सुभाषनं मल्लूला मिठी मारली. "मी म्हणत हुतो! मी म्हणत हुतो न्हवं?"

मल्लूनं त्याला हळूच बाजूला केलं आणि माइक पुढं धरला. अंगठ्यानं त्याचं बटण दाखवलं. ते बंद होतं.

"मी आवाज काढलाच न्हाई," तो कुजबुजला. "नुसतं तोंड हलवलं."

मल्लूनं गुरप्पाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज पैल्यांदा तुझ्या शेजारी उभारलो. तिथं मला ही पोरगी न्हाई ऐकू आली. सुभ्याची गिटारबी न्हाई. सिकंदरचा ड्रमबी न्हाई. नुसतं माग. आणि तू मान लांब करून हिच्या तोंडाकडं बघत हुतास. हिनं तर दोन्ही मुठींनी तोंड झाकून घेतलेलं."

आमच्या गावात मागावर काम करणारी माणसं ओठ वाचतात. लहानपणापासून वाचतात. या मागावरची बाई त्या मागावरच्या बाईला सासूबद्दल काय काय सांगते आणि मध्ये उभ्या मालकाला पत्ता लागत नाही. सिकंदरला हे ठाऊक होतं, मल्लूला ठाऊक होतं, मलाही होतं. माझी आई वीस वर्षं मागावर होती. घरीसुद्धा ती माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडं बघायची. इतकं रोजचं होतं ते, की आमच्यापैकी एकालाही ते कधी दिसलं नाही.

गुरप्पा सगळ्यांत जास्त गोंधळला होता. "आता मी काय सांगू तुमास्नी," तो म्हणाला. "मला वाटायचं मी ऐकतोय."

"म्हंजे एकवीस वर्षं..." सुभाषला वाक्य पुरं करता येईना.

"एकवीस वर्षं गुरप्पानं माझं तोंड वाचलं," मल्लू म्हणाला. तो हसायचा प्रयत्न करत होता. "भूप्या, तुझं शब्द पोचलं बरं का. माझा आवाज तेवढा दारातच ऱ्हायला."

सुभाषनं इकडंतिकडं बघितलं. "बरं, झालं ते झालं. आपल्या पाच-सहा जणांत ऱ्हाऊ दे. कॅसेटवर छापलंय ते. पुण्यातली पोरं तुला देव मानत्यात त्या गोष्टीसाठी."

"सांगायचं सगळ्यास्नी."

"मल्ल्या, तुझं नाव हाय ते!"

"म्हणून तर मीच सांगणार." त्याला ठसका लागला. सिकंदरनं माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन तो परत बोलला, आणि ते बोलणं ऐकायला आम्ही सगळे त्याच्या तोंडाजवळ वाकलो होतो. "मी गेल्यावर ही जितं जाईल तितं लोक हिला त्या चोवीस मागांनी मोजणार. आणि ते मापच खोटं हाय. ह्या पोरीनं माझ्या आवाजाशी भांडावं, त्यात मजा हाय. माझ्या थापेशी का भांडावं?"

महानंदा म्हणाली, "मल्लूदा, थाप न्हवं ती. तुमाला तरी कुठं म्हाईत हुतं?"

"आता झालं की म्हाईत." मग तो सिकंदरकडं वळला. "माग बंद कर."

"काय?"

"एक गाणं. सगळं माग बंद."

सिकंदरनं कपाळाला हात लावला. पाळी मध्यावर होती, विणलेल्या मीटरवर पैसे घेणारी माणसं होती आत, आणि चालू पाळीत त्यानं माग बंद केल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या वडलांच्या मयताच्या दिवशी केले होते, तेवढेच. तो मल्लूकडं बघत राहिला. मग आत गेला आणि मागांच्या लाइनचा मेन स्विच खाली ओढला.

ती शांतता मला अजून आठवते. कान कुणीतरी धुऊन काढल्यासारखे झाले. छताच्या पत्र्यावर चिमण्या चालत होत्या आणि त्यांच्या पायांचा आवाज येत होता. माणसं मागांवरून उठून मधल्या वाटेत आली, लाइट गेली की काय म्हणून. दिवे तर चालू होते. "काय झालं मालक?" कुणीतरी विचारलं आणि स्वतःच्याच आवाजाला दचकलं.

"गाणं हाय. ऐका," सिकंदर म्हणाला.

गुरप्पा आपल्या शेवटच्या मागापाशी जाऊन उभा राहिला. मल्लू त्याच्या शेजारी. महानंदानं माइक हातात घेतला, परत दोन्ही मुठी ओठांपाशी नेल्या, क्षणभर थांबली आणि डावा हात खाली सोडला.

ती कशी गायली याचं वर्णन करायला मी लायक नाही. एवढंच सांगतो, की मी जमिनीवरून नजर उचलली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी वाजवता वाजवता समोर बघितलं. तोंडाला फडकी बांधलेली माणसं होती, त्यांतल्या काहींनी फडकी खाली ओढली होती. माझे शब्द त्यांच्यापर्यंत चालत जाताना मला दिसत होते. त्या घराच्या ओळीला मधल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याच्या दंडाला धरलं. त्यालाही घर नव्हतं, तो कारखान्यातच झोपायचा. हे मला माहीत होतं आणि ओळ लिहिताना तोच माझ्या डोळ्यांपुढं होता, पण त्याला ते आजच कळत होतं.

गाणं संपल्यावर टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मग पार टोकावरून गुरप्पाचा आवाज आला.

"एवढं आसतंय व्हय हे!"

शेड हसली. गुरप्पा वाटेतून पुढं येत बोलतच होता. "आरं, मला वाटायचं लई बारीक गाणं आसंल. आभंगासारखं. ह्यो तर जाळ हाय जाळ! आणि हे लिवलंय कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी बेसच्या आड जेवढा लपता येईल तेवढा लपलो.

मल्लू महानंदापाशी आला. काहीतरी समारंभाचं बोलेल असं मला वाटलं. त्यानं तिचा माइक धरलेला हात मनगटाला धरून बोटभर खाली केला. "एवढा. तोंड दिसू दे. लांबच्यास्नी ऐकू न्हाई आलं तरी कळंल."

"आणि न्हाई जमलं तर?"

"तर सुभ्या हाय की शिव्या द्यायला."

"देणारच," सुभाष म्हणाला आणि डोळे पुसत चहा सांगायला गेला.

पुण्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मल्लू ऑपरेशनसाठी बेळगावला गेला. आम्ही स्टेजवर चढलो तेव्हा समोरची पोरं त्याच्याच नावानं ओरडत होती. मल्लू! मल्लू! महानंदा माइकपाशी गेली.

"मल्लूदांचं उद्या ऑपरेशन हाय," ती म्हणाली. "त्यांनी तुमाला एक सांगायला सांगितलंय. त्यांचा आवाज चोवीस मागांच्या पलीकडं जात नव्हता. पैल्या मागाच्याबी न्हाई." आणि तिनं सगळी गोष्ट जशी घडली तशी सांगितली, गुरप्पाच्या 'मला वाटायचं मी ऐकतोय' सकट. लोक आधी गप्प झाले, मग हसले, आणि मग आधीपेक्षा मोठ्यानं ओरडायला लागले. मल्लू! मल्लू! "अजून जोरात," ती म्हणाली, "बेळगावात ऐकू जायला पायजे." त्या गजरातच सिकंदरनं काठ्या एकमेकींवर आपटून ताल दिला.

दोन गाणी होईपर्यंत पोरं मधूनमधून मल्लूचं नाव घेत होती. नंतर घेईनाशी झाली.

याच रात्रीविषयी त्याचं ते पत्र होतं. ही सगळी हकिकत लिहिणं तसं सोपं होतं. पण त्यानं विचारलं होतं ते दुसरंच काहीतरी, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

इतक्या वर्षांनी, यंदा माझी डाव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. संधिवात. तालमीत दोनदा चुकलो. कुणी काही बोललं नाही. महानंदा आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, ती चुकणाऱ्याला लगेच टोकते. ती गप्प बसली तेव्हा मी समजलो. बेस मीच खाली ठेवला. सिकंदरची नात, शिरीन, महाविद्यालयात शिकते. तिनं तो उचलला.

गेल्या रविवारी कोल्हापुरात कार्यक्रम झाला. मी तिकीट काढून गेलो आणि सगळ्यांत मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. शिरीन जमिनीकडं बघत नाही. ती सरळ लोकांच्या डोळ्यांत बघून वाजवते. एका ठिकाणी मी जी तार वर्षानुवर्षं भीतभीत दाबत आलो, ती तिनं अशी दाबली की शेजारचा मुलगा मला म्हणाला, "आजोबा, बेस ऐकला?"

"ऐकला," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

घरी आल्यावर मी लिहायला बसलो आणि या वेळी एकही कागद फाडावा लागला नाही.

"मल्लू, पुण्यात तुझ्याशिवाय चांगलं वाजलं. आधी लोक तुझं नाव घेत होते. नंतर कुणाचंच घेत नव्हते, नुसते ऐकत होते. परवा कोल्हापुरात माझ्याशिवाय वाजलं. तेही चांगलं वाजलं. मी मागं उभारून ऐकलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण इतका अभिमान मला स्टेजवर कधी वाटला नव्हता. तुला त्या दिवशी गुरप्पाशेजारी उभारून काय वाटलं असेल ते आता कळलं. तू खरं लिही म्हणाला होतास. हे खरं आहे. भूप्या."

सकाळी पोस्टात गेलो. खिडकीतल्या मुलीनं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, पत्ता वाचला आणि विचारलं, "आजोबा, गोकाकलाच जायचंय, तर फोन न्हाई का करायचा? त्यांच्याकडं व्हॉट्सॲप आसंल की."

"आहे," मी म्हणालो. "पण त्यांनी पत्रानं विचारलं होतं."

तिनं तिकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.